चाचणी कोणती, केव्हा आणि कशासाठी?

प्रयोगशाळा चाचण्यांच्या वापरात दोन दोष आढळतात: गरज नसलेली चाचणी केली जाते आणि गरज असलेली राहून जाते. चर्चा पहिल्याचीच अधिक होते, कारण त्याचे बिल रुग्णाच्या हातात पडते. न केलेल्या चाचणीची किंमत मात्र चुकलेल्या किंवा लांबलेल्या निदानातून मोजावी लागते. १९९७ ते २०१२ या काळातील ४२ अभ्यासांचा आढावा २०१३ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अतिवापराचे सरासरी प्रमाण २०.६ टक्के, तर न्यूनवापराचे ४४.८ टक्के आढळले.

हे दोन्ही दोष अनेकदा एकाच रुग्णात दिसतात. ताप येऊन दोनच दिवस झालेले असतात आणि चिठ्ठीवर ‘सीबीसी, एमपी, विडाल’ ही ठरलेली ओळ उमटते. १८९६ पासून प्रचलित असलेली विडाल चाचणी टायफॉइडचे जंतू शोधत नाही. त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मोजते. ती पुरेशी वाढायला साधारण आठवडा लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’ अहवालाने टायफॉइड नाकारता येत नाही. ‘पॉझिटिव्ह’ अहवालामागेही जुना संसर्ग, लस किंवा मलेरियासारखा दुसरा आजार असू शकतो. टायफॉइड सतत आढळणाऱ्या भागात तर निरोगी माणसांतही ही प्रतिपिंडे सापडतात. काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसली, तर अहवालाला वजन येते. पण दुसरा नमुना क्वचितच पाठवला जातो.

त्याच रुग्णाचे ब्लड कल्चर राहून जाते. पहिल्या आठवड्यात जंतू सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल हेही कल्चरवरूनच कळते. टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात फारसे भरवशाचे उरलेले नसताना ही माहिती मोलाची आहे. मात्र नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावा लागतो आणि रक्तही पुरेसे लागते. प्रौढांत प्रत्येक बाटलीला ८ ते १० मिलिलिटर. टायफॉइडमध्ये रक्तातील जंतू इतके विरळ असतात, की दोन मिलिलिटरमध्ये ते हाती लागतीलच असे नाही. उत्तम नमुन्यातही सुमारे ६० टक्के रुग्णांतच जंतू वाढतात, म्हणून ‘वाढ नाही’ हा अहवालही लक्षणांशी ताडूनच वाचायला हवा.

मधुमेहातही हेच घडते. एचबीए१सी तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने ती दर महिन्याला करून विशेष काही हाती लागत नाही. उलट लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, जे रक्तातील क्रिएटिनिन वाढण्याच्या बरेच आधी मूत्रपिंडाची हानी दाखवते, ते वर्षानुवर्षे तपासले जात नाही.

आरोग्य-तपासणीच्या सरसकट पॅकेजांचा धोका गणितातच आहे. संदर्भमर्यादा सामान्यतः निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांना सामावून घेतात. त्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. त्या एका आकड्यापायी पुढच्या तपासण्या, खर्च आणि धास्ती सुरू होते.

या दोन्ही दोषांमागे सवय आहे, रुग्णाचा आग्रह आहे, कमिशनची कीड आहे आणि लहान गावांत कल्चरच्या सोयीचा अभावही आहे. तरीही चुकीची चाचणी व्यवहारातून हद्दपार करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये क्षयरोगाच्या प्रतिपिंड-चाचण्यांविरुद्ध शिफारस केली आणि भारताने २०१२ मध्ये त्यांच्या आयात, उत्पादन व विक्रीवर बंदी घातली.

बाकीचे काम दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत व्हायला हवे. चिकित्सकाने मागणीपत्रावर तापाचा दिवस, आधी दिलेली औषधे आणि संशयित निदान लिहावे. पॅथॉलॉजिस्टने अवेळी आलेली मागणी पाहताच फोन करून योग्य पर्याय सुचवावा, आणि अहवालात आकड्यासोबत त्याचा अर्थही द्यावा. ज्या चाचणीच्या उत्तराने उपचार बदलणार नाही ती लिहू नये. ज्या चाचणीवाचून उपचार अंदाजाने होतील ती टाळू नये.