रंग चिन्हाचा की अर्थाचा?

गणिताचे सूत्र हीही एक संहिताच असते आणि तीही वाचावीच लागते. म्हणून भाषेच्या अध्यापकांनी त्याविषयी चार शब्द लिहिणे अनाठायी ठरू नये. संगणकावर सूत्रे जुळवताना प्रत्येक 'एक्स' आपोआप तांबडा आणि प्रत्येक 'वाय' आपोआप निळा करण्याची सोय आज आहे. त्यामुळे विद्यार्थ्यास चलाचा मागोवा घेणे सुकर होते, असे तिचे समर्थन केले जाते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे.

डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ साली सिद्ध केलेल्या 'टेक' ह्या अक्षरजुळणी-प्रणालीत एखाद्या अक्षरास गणिती मजकुरापुरते आज्ञेचे रूप देता येते. मग अक्षराबरोबर रंगही उमटतो. मात्र ही प्रणाली आकार ओळखते, अर्थ नव्हे. 'आय' हे अक्षर कधी ऋण एकाचे वर्गमूळ असते, तर कधी पदाचा क्रमांक. दोन्ही एकाच पानावर आली तर दोहोंना एकच रंग मिळतो. काव्यात श्लेष शोभतो; सूत्रात तो घोटाळा करतो. शिवाय अधिकचे चिन्ह रंगासाठी महिरपी कंसात घातले की प्रणाली त्यास साधे अक्षर मानते आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे अंतर नाहीसे होते.

ऑलिव्हर बर्न यांनी १८४७ साली लंडनमध्ये युक्लिडच्या पहिल्या सहा ग्रंथांची रंगीत आवृत्ती काढली. अक्षरखुणांऐवजी त्यांनी तांबड्या, निळ्या, पिवळ्या रेषा आणि कोन थेट सिद्धतेच्या वाक्यांतच बसविले. तेथे कोणत्या प्रमेयात कोणती रेषा कोणत्या रंगाची, हे लेखकाने विचारपूर्वक ठरविले होते. आपल्याकडील पोथ्यांत हिंगुळाचे दंड आखणारा लेखनिकही वाक्य कोठे संपते हे जाणूनच लेखणी बदलत असे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. आपले बहुसंख्य विद्यार्थी टिपणे झेरॉक्सवर वाचतात, काहींना तांबडा व हिरवा वेगळे दिसत नाहीत आणि परीक्षेतील सूत्र तर काळ्या शाईतच छापलेले असते. केवळ रंगावर विसंबलेले वाचन तेथे उघडे पडते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की रंगाची आज्ञा अक्षरास न जोडता अर्थास जोडावी. 'काल्पनिक एकक' आणि 'पदक्रमांक' ह्यांना लेखकाने निरनिराळी नावे द्यावीत. पुढचे रंगविण्याचे काम यंत्राने खुशाल करावे. आणि रंग काढून घेतला तरी सूत्र वाचता येईल, इतकी काळजी शिक्षकाने घ्यावी.