मोटार सुटते, कांदा अडतो

चाकणला कांद्याची बाजारपेठ आणि मोटारींचे कारखाने एकाच शिवारात आहेत. दोन्ही माल परदेशी जातो. 2021 साली मोटारीत बसवायच्या चिपांचा जगभर तुटवडा पडला. गाडी नोंदवून गिऱ्हाइकाला महिनोन् महिने वाट पाहावी लागे. देशातले गिऱ्हाईक ताटकळले म्हणून चाकणच्या मोटारी बंदरावर अडवा, असे दिल्लीत कोणाच्या मनातही आले नाही. यायलाही नको होते.

आता कांदा पाहा. 2023 च्या फेब्रुवारीत तो किलोला दोन-चार रुपयांवर आला. काढणीची मजुरी निघेना. मार्च-एप्रिलात अवकाळी पाऊस आणि गारा. भिजलेला कांदा चाळीत सडला. ज्याचा थोडाफार टिकला त्याला भाव दिसू लागला, तोच ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क आणि 8 डिसेंबरला सरसकट निर्यातबंदी. ती उठली 4 मे 2024 ला. फेब्रुवारीत दोन रुपयांनी कांदा गेला तेव्हा हे सरकार कुठे होते?

गव्हाचेही तेच. 2022 चा मार्च हा 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च. दाणा भरण्याच्या वेळी ऊन लागले, गहू बारीक पडला. 13 मे रोजी निर्यात बंद.

पीक निम्मे आले तर भाव चढतो आणि त्यात शेतकऱ्याचा तोटा थोडा तरी भरून निघतो. कोरडवाहू शेतकऱ्याला एवढाच एक विमा ठाऊक आहे, आणि नेमका तोच सरकार काढून घेते. पूर्वी असे साल कधीमधी येई. आता हवामान बदलते आहे. उष्णतेच्या लाटा, एका दिवसात महिन्याचा पाऊस, हे नेहमीचे होणार असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे निर्यातबंदीही दरसालची होणार. अस्मानीला आम्ही तोंड देऊ, सुलतानीचे काय?

कापूसवाल्यांनी हा प्रश्न कांदेवाल्यांचा समजू नये. 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे वेचणीचा हंगामच त्यात आला. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, बोंडे झाडावर सडली. उरलेला कापूस बाजारात गेला तो बिनशुल्काच्या परदेशी गाठींशी झुंजायला.

हे सारे चालते ते शहराला स्वस्त खाऊ घालण्यासाठी. चाकणजवळच्या आंबेठाणला 1977 साली कोरडवाहू जमीन घेऊन शरद जोशींनी हाच हिशेब मांडला होता: कारखान्याची मजुरी कमी राहावी म्हणून शेतमाल स्वस्त. फरक एवढाच, की आज पिंपरी-चिंचवडच्या खोल्यांतून राहणारी कंत्राटी पोरे बीड-लातूर-परभणीची, आपलीच आहेत. बापाचा कांदा पाडून पोराचा पगार अडवून धरायचा, असा हा व्यवहार.

आणि त्या पोराच्या ताटात ज्वारी नाही. आमची मालदांडी जमिनीच्या ओलीवर, पाण्याच्या पाळीवाचून पिकते आणि जनावराला कडबाही देते. तापत्या हवेत गव्हापेक्षा तिचाच भरवसा. सरकारने 2023 साली तिला ‘श्रीअन्न’ म्हणून मिरवले आणि त्याच जानेवारीपासून रेशनवर गहू-तांदूळ फुकट केला. फुकटाशी कोण स्पर्धा करणार? गरिबाला मदत जरूर द्या, पण रोख द्या. भाकरी घ्यायची की पोळी, ते त्याचे तो ठरवील.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही एकच ठराव ठेवणार आहोत. ज्या हंगामात दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली, त्या हंगामाचा माल विकून होईपर्यंत त्या पिकावर निर्यातबंदी नाही, साठ्याची मर्यादा नाही, आयातशुल्कात सूट नाही. तालुका प्रतिनिधींनी येताना 2025 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधील कापसाच्या विक्रीच्या पावत्या आणि पंचनाम्याच्या नकला बरोबर आणाव्यात. त्या ठरावाला जोडायच्या आहेत.