परदेशातील घर आणि इकडचा प्लॉट





या अंकासाठी निकालाविषयी लिहावे असे ठरविले होते, परंतु निकालाचा तक्ता सूचना-फलकावर लागलेलाच आहे. त्याऐवजी गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या घरांतून माझ्या कार्यालयात आलेल्या एकाच प्रश्नाविषयी लिहितो. "सर, मुलगा तिकडे घर घेतो आहे. डाउन पेमेंटला कमी पडते म्हणतो. इकडचे विकून पाठवू का?" तिन्ही मुले आपल्याच शाळेची. एक मेलबर्नला, दोन कॅनडात. पालकांना वाटते, प्राचार्य शिकलेला माणूस आहे, त्याला कळत असेल. मला जे कळते ते मी एकदा चूक करून शिकलो आहे, म्हणून ते आधी सांगितले पाहिजे.

माझा पुतण्या टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला नोकरी करतो. कायम रहिवासाचा परवाना त्याला मिळालेला होता. 2022 च्या वसंत ऋतूत त्याने घर पाहिले आणि फोन केला, "काका, आत्ता नाही घेतले तर कधीच घेता येणार नाही." माझे थोरले बंधू हयात नाहीत. त्यांनी नोकरीत असताना पोटाला चिमटा काढून घेतलेला एक प्लॉट वहिनींच्या नावावर होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही म्हणाल तसे." मी म्हटले, "विकून टाका, मुलाचे घर होते आहे." ग्राहक मी शोधला, रजिस्ट्रीला मी बसलो, पैसे पाठविण्याचा फॉर्म मीच भरला. पुतण्याने कर्जाचे कागद ई-मेलने पाठविले होते. माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झालेले, इंग्रजी मी कामापुरते वाचतो. चाळीस पानांपैकी दोन वाचली आणि बाकीचे बरोबरच असेल असे धरून चाललो. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला उभे केले असते!

त्या कागदांत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली होती, ती म्हणजे व्याजाचा दर बदलता आहे. मार्च 2022 च्या आरंभी कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेचा दर 0.25 टक्के होता. जुलै 2023 मध्ये तो 5 टक्क्यांवर गेला. याचा अर्थ काय होतो हे इयत्ता आठवीचा विद्यार्थी सांगू शकेल. 6 लाख डॉलरच्या कर्जावर 2 टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज 1,000 डॉलर, 6 टक्क्यांनी 3,000 डॉलर. मुद्दल वेगळे. (मुलांनी हे गणित घरी करून पाहावे.) शिवाय आपण समजतो की स्थिर दराचे कर्ज घेतले की पंचवीस वर्षांची निश्चिंती झाली. कॅनडात तसे नसते. कर्ज पंचवीस वर्षांचे असले तरी दराचा करार साधारण पाच वर्षांचा असतो, तो संपला की त्या वेळच्या दराने नवा करार करावा लागतो.

पुतण्याने तळघर भाड्याने दिले, सुनबाईने शनिवार-रविवारची नोकरी धरली, आणि घर टिकले. 2024 च्या जूनपासून दर उतरूही लागले. तेव्हा हे काही बुडाल्याची गोष्ट नाही. पण मागच्या वर्षी वहिनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले तेव्हा हाताशी काहीच नव्हते, आणि मुलाकडे मागायचे तर त्याचा हप्ता त्यांना ठाऊक होता. ऑपरेशन सहा महिने पुढे गेले. ते सहा महिने वहिनी गोपाल मंदिरापर्यंतसुद्धा चालत जाऊ शकल्या नाहीत, आणि घर त्याच गल्लीत आहे. मला त्यांनी कधी एक शब्द बोलून दाखविला नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे. मुलांनी तिकडे घर जरूर घ्यावे, पण स्वतःच्या कमाईतून साठवून. आई-वडिलांच्या नावावर जे शेवटचे उरले आहे ते विकून घेऊ नये. साठायला पाच वर्षे जास्त लागली तर लागू द्यावीत, तोपर्यंत भाड्याने राहावे. भाड्याने राहण्यात कमीपणा नाही.

यावर आपल्या समाजाच्या कार्यक्रमांत हमखास ऐकू येणारे एक वाक्य माझ्यासमोर ठेवण्यात येते : "आपले पूर्वजही परमुलुखात येऊन घरे बांधून राहिलेच की!" विश्वस्तांची क्षमा मागून म्हणतो, ही तुलना बरोबर नाही. राणोजी शिंद्यांच्या काळात आपली मंडळी माळव्यात आली ती सत्तेबरोबर आली. कोणाला इनाम मिळाले, कोणाला दफ्तरात जागा मिळाली, वाड्याला जमीन मिळाली. परवान्याची मुदत संपते आहे म्हणून कोणाला रात्री जाग येत नव्हती. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी उज्जैनमधले वाडे कोणी काढून घेतले नाहीत. आपली मुले आज जातात ती दुसऱ्याच्या राज्यात, दुसऱ्याच्या कायद्याखाली, आणि तो कायदा त्यांना न विचारता बदलतो.

किती भरभर बदलतो तेही पाहा. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून, नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांना बहुतेक शहरांत घर घेण्यास बंदी केली. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली ही बंदी पुढे 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढविली. तीनच महिन्यांत नियम थोडा सैल झाला, आणि कामाचा परवाना किमान 183 दिवस शिल्लक असेल तर एक घर घेता येईल असे ठरले. ओंटारियो प्रांताचा परदेशी खरेदीदारांवरचा कर 2022 या एकाच वर्षात 15 वरून 20 आणि 20 वरून 25 टक्के झाला. ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025 पासून 31 मार्च 2027 पर्यंत, तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांनाही जुने, आधी बांधलेले घर घेण्यास मनाई केली. मेलबर्नच्या मुलाच्या वडिलांना हे माहीतच नव्हते, मुलालाही नीट नव्हते. सिंगापूरला एप्रिल 2023 पासून परदेशी माणसास घराच्या किमतीवर 60 टक्के जादा मुद्रांक शुल्क लागते. यात त्या देशांवर रागावण्यासारखे काही नाही. त्यांच्या मुलांनाही घरे महाग झाली आहेत. आणि आपण तरी काय करतो? आपल्याकडेही परदेशात राहणाऱ्या भारतीयास शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तर ठेवता येते.

इंग्लंडमधील फ्लॅट बहुधा ठराविक वर्षांच्या पट्ट्यावर असतात, हेही कित्येकांना खरेदीनंतर कळते.

भाड्याच्या घरावरून एक गोष्ट आठवली. आपल्या शेजारच्या महू येथे 1891 मध्ये जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये किंग हेन्रीज रोडवरील 10 क्रमांकाच्या घरात भाडेकरू म्हणून राहत होते. विकत घेतली ती पुस्तके. घर त्यांनी बांधले ते 1930 च्या दशकात, मुंबईला दादरमध्ये, ते म्हणजे 'राजगृह', आणि तेही पुस्तकांना जागा व्हावी म्हणून. लंडनचे ते घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेऊन तेथे स्मारक केले. तर तेथील कॅम्डेन नगर परिषदेने हरकत घेतली की ही राहण्याची जागा आहे, संग्रहालयाची परवानगी नाही. प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि मार्च 2020 मध्ये परवानगी मिळाली. एका राज्याचे शासन, पाठीशी वकील, तरी इतकी वर्षे! आपला मुलगा तळघरात भाडेकरू ठेवतो तेव्हा त्याच्या गावच्या नगर परिषदेची परवानगी लागते की नाही, हे त्याने विचारले आहे का? माझ्या पुतण्याने भाडेकरू आल्यानंतर विचारले. नशीब, निभावले.

आता पैसे पाठविण्याविषयी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका माणसास एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठविता येतात. मात्र परदेशात घर घेण्यासाठी रक्कम पाठवायची तर ती आपली स्वतःची हवी, त्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये असा नियम आहे. म्हणून राहते घर गहाण टाकून रक्कम पाठवून देतो, असे कोणी सांगत असेल तर तेथेच थांबावे. वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो, पण तोपर्यंत रक्कम अडकते. विक्रीच्या नफ्यावरचा कर तो आणखी वेगळा.

आणि नामांतरण. (पुण्याचे नातेवाईक त्याला फेरफार म्हणतात.) ज्या तीन घरांतून प्रश्न आला त्यांतील दोघांच्या जागेवर अजून आजोबांचेच नाव आहे. विकायचे असो वा नसो, ते आधी करून घ्यावे. 2028 चा सिंहस्थ जवळ येतो आहे, शहरात जागेच्या भावाच्या गोष्टी सुरू आहेत, आणि दारावर दलाल वहिनींसारख्या एकट्या राहणाऱ्या बायकांच्याच येतात.

पुतण्याचा पाच वर्षांचा करार 2027 मध्ये संपतो. गेल्या रविवारी त्याचा फोन आला होता, राहत्या घराविषयी. वहिनींनी फोन माझ्या हाती दिला. मी त्याला इतकेच म्हटले, "आधी सगळे कागद पाठव. या वेळी चाळीसच्या चाळीस पाने वाचणार आहे."

इंग्रजीच्या मॅडम त्यासाठी मला मदत करणार आहेत, आणि इतर पालकांनाही करण्यास तयार आहेत. पुढील महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सायंकाळी 5 वाजता शाळेच्या सभागृहात बसू. आपले एक माजी विद्यार्थी चार्टर्ड अकाउंटंट आहेत, तेही येतील. शुल्क नाही. येताना कागद आणावेत, आणि जागा ज्यांच्या नावावर आहे त्या आजी-आजोबांनाही सोबत आणावे. पायऱ्या चढवत नसतील त्यांच्यासाठी खाली ग्रंथालयात बसण्याची व्यवस्था केली आहे.

आपला,
प्राचार्य