आधी साहेबांची थकबाकी, मग गरिबाचा नळ

१९९३ साली कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, पाणीपुरवठ्याचा पुरता बोजवारा उडाला होता. ख्मेर रूजच्या राजवटीनं आणि पुढच्या यादवीनं जलवाहिन्या खिळखिळ्या झालेल्या. नळ होता तो जेमतेम वीस टक्के लोकांकडे, तोही दिवसातले दहा तास. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा पैसाच येत नसे. काही गळायचं, काही चोरलं जायचं, आणि चोरीत कर्मचाऱ्यांचाही हात असायचा. झोपडीतली बाई मात्र पाणीविक्याकडून नळाच्या दराच्या कितीतरी पट मोजून पाणी घ्यायची.

त्या वर्षी अभियंते एक सॉन चान ('एक' हे त्यांचं आडनाव) शहराच्या सरकारी पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख झाले. चोरून जोडण्या देणाऱ्यांना त्यांनी घरी बसवलं, चांगलं काम करणाऱ्यांचे पगार वाढवले आणि सरसकट मीटर लावायला घेतले. एका लष्करी जनरलच्या घरी ते मीटर बसवायला स्वतः गेले, तेव्हा त्यानं त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं. चान परतले ते सशस्त्र शिपाई घेऊनच, आणि जनरलचं पाणी तोडलं!

साहेबांकडून वसुली होऊ लागली, तशी वस्त्यांमध्ये वाहिनी टाकायला ऐपत आली. अर्थात जपान, फ्रान्स आणि जागतिक बँकेचा पैसाही होताच; पण फुटक्या रांजणात तो कितीही ओतला असता तरी काय उरलं असतं? गरिबांना जोडणीच्या खर्चात ३० ते १०० टक्के सवलत मिळाली, उरलेले पैसे हप्त्यानं भरायची मुभा मिळाली. मोजक्या पाण्याला दर कमी, जास्त वापराला चढा. २००८च्या सुमारास गळती आणि चोरी सहा टक्क्यांवर आली, पाणी चोवीस तास येऊ लागलं. संस्था सरकारीच राहिली, फक्त तिला कारभाराची मोकळीक मिळाली. चान यांना २००६ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याकडेही कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. तरी निवडणूक आली की घोषणा होते ती पाणीपट्टी माफीची. ज्याच्या दारात नळच नाही, त्याला माफी कशाची? 'अनधिकृत' वस्त्यांतल्या माणसांनाही पाणी द्या, हे मुंबई महापालिकेला सांगायची वेळ २०१४ साली उच्च न्यायालयावर आली.

पुढच्या वेळी उमेदवार दारात आला, की त्याला दोनच प्रश्न विचारा: शहरातलं किती पाणी हिशेबाबाहेर जातं, आणि सरकारी कार्यालयांकडे पाणीपट्टी किती थकली आहे?