करवतीचे दात

कोजागरीच्या रात्री आमच्या सोसायटीत मुलांची वेशभूषा स्पर्धा झाली. माझी सातवीतली भाची हिरव्या-काळ्या चौकड्यांचा सैल झगा घालून उभी राहिली. झगा तिनेच रंगवला होता. नागपूरच्या गांधीबागेतल्या बाजारातून हिरवं कापड आणलं, त्यावर पट्टीने चौकोन आखले आणि दोन रविवार गच्चीवर बसून एकेक चौकोन काळा केला. परीक्षकांनी विचारलं, "हे कोणतं कार्टून?" ती सांगू लागली, तर म्हणाले, "बेटा, वेशाला काही अर्थ असायला हवा." पहिलं बक्षीस छोट्या शिवाजी महाराजांना मिळालं. मुलगा गोड होता, त्याचा मला आनंदच आहे. पण ते वाक्य मात्र आठवडाभर माझ्या घशात अडकून बसलंय.

कारण अर्थ होता, आणि पोरीला तो तोंडपाठ होता. ती झाली होती तांजिरो, 'डेमन स्लेयर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेचा नायक. त्याच्या चौकड्यांच्या नक्षीला जपानमध्ये इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी नटाने ती रंगमंचावर घातली आणि लोकांनी उचलली. चौकोनामागे चौकोन, कुठे खंड नाही, म्हणून ती अखंड भरभराटीची खूण. तोक्यो 2020 ऑलिंपिकचं बोधचिन्हही हीच नक्षी घेऊन केलेलं. तांजिरोची बहीण नेझुको हिच्या किमोनोवर धाग्यासाठी लावतात त्या भांगेची पानं आहेत. ते झाड सरळ आणि झपाट्याने वाढतं, म्हणून जपानी आया तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही पानं काढत. आणि झेनित्सु या पिवळ्या केसांच्या भित्र्या पोराच्या अंगावर त्रिकोण आहेत, म्हणजे खवले. ते वाईटापासून राखण करतात. मूळ चित्रकथेच्या प्रकाशकाने या नक्ष्यांवर ट्रेडमार्क मागितला होता. 2021 साली तिथल्या पेटंट कार्यालयाने या तिन्हींना नकार दिला. भाचीला ही गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते. "मावशी, त्या सगळ्यांच्याच आहेत ना!"

मग शनिवारी आईची ट्रंक उघडली. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या उन्हात तिच्यातलं सगळं गच्चीवर पसरतं. भाची घड्या उलगडत होती आणि एकदम ओरडली, "मावशी, हा झेनित्सु!"

हातात आईची करवतकाठी होती. मधाच्या रंगाचं कोशाचं अंग, गर्द लाल सुती काठ, आणि दोन्हींच्या सीमेवर ओळीने टोकदार त्रिकोण. पन्नास वर्षं मी ही साडी पाहतेय. त्या दातांना करवत का म्हणतात, एवढंच मला माहीत. पण हे दात पडतात कसे, ते मी कधी विचारलं नव्हतं. आईनं सांगितलं. माझ्या आजोळशेजारी कोष्ट्यांचे माग होते, लहानपणी तासन् तास ती तिथे बसायची. एका मागावर तीन धोटे चालतात: दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. काठाचा धागा आणि अंगाचा धागा सीमेवर एकमेकांत अडकवत जायचं, दर फेरीला थोडं पुढे, मग थोडं मागे. एक फेरी चुकली की दात मोडतो. एवढ्यासाठी मागावर दोघं लागायचे. नक्षी वरून काढलेली नसते, दोन वेगळ्या जातींच्या धाग्यांची गाठभेट म्हणजेच ती नक्षी.

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावला आजही ही साडी विणतात. तिला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे इथेही नक्षी एका दुकानाची नाही, सगळ्या विणकरांची. कोसा आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलातला, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेला. इतकं सगळं माझ्या घरात ट्रंकेत पडून होतं आणि ते वाचायला मला जपानी कार्टून बघणारी पोर लागली. तिला कपडे वाचायची सवय त्या मालिकेनं लावली. मी त्या मालिकेची मनापासून ऋणी आहे.

तिने मग गियुची गोष्ट सांगितली. गियु म्हणजे त्यांच्यातला अबोल तलवारबाज. त्याचा झगा दोन तुकड्यांचा आहे. एक अर्धा त्याला वाचवताना गेलेल्या बहिणीचा, दुसरा अर्धा गेलेल्या मित्राचा. आई उन्हाला पाठ देऊन बसली होती. तिने ऐकलं, उठली, आत जाऊन आपली वाकळ घेऊन आली. "हे माझ्या मायचं लुगडं," तिने एका निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हा तुझ्या मोठ्या मामाचा सदरा." मोठा मामा आम्ही कोणी पाहिलाच नाही, तो अकराव्या वर्षी तापाने गेला. त्या सदऱ्याच्या तुकड्याखाली मी लहानपणी झोपत आले आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. भाची बराच वेळ त्या तुकड्यावरून हात फिरवत राहिली.

कपड्याचा अर्थ नेहमी मायेचाच असतो असं मात्र नाही, हेही मी तिला सांगितलं. आपल्याकडे विधवेला लाल आलवण नेसवून तिचं दुःख साऱ्या गावाला दाखवत. अस्पृश्य ठरवलेल्या बायकांनी लुगडं कसं नेसावं, कोणते दागिने घालावेत, तेही दुसऱ्यांनीच ठरवलेलं होतं, लांबून जात ओळखू यावी म्हणून. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी त्या बायकांना सांगितलं की या खुणा टाकून द्या. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला आपल्या याच नागपुरात लाखो माणसं पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर उभी राहिली. त्या दिवशी अर्थ त्यांनी स्वतः ठरवला होता. दर दसऱ्याला तो पांढरा समुद्र रस्त्यावरून जाताना भाचीने पाहिलाय, पण तोही एक वेश आहे, असं तिला कोणी दाखवून दिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्या परीक्षकांनी दोन मिनिटं थांबून तिचं ऐकलं असतं, तर ही सगळी बोलणी त्या रात्री मंडपातच झाली असती, चाळीस मुलांसमोर.

करवतकाठी घड्यांवर विरली आहे. आता ती नेसता येणार नाही. आई म्हणते, काठ कापून घे आणि तुझ्या त्या पिवळ्या पोराच्या झग्याला लाव. भाची म्हणते, कापायची नाही, आजीची आहे. दोघींचं दोन दिवस हेच चाललंय. आई कात्री उशाशी घेऊन झोपते आणि भाची ती रोज सकाळी उचलून शिवणाच्या डब्यात ठेवते.