विश्लेषण : समुद्रातला प्राणवायू घटतो तेव्हा मासे कुठे जातात?

पावसाळी बंदी संपून बोटी समुद्रात जातात, तेव्हाचे पहिले काही आठवडे कोळीवाड्यांसाठी वर्षभराची गणिते ठरवणारे असतात. नेमक्या याच काळात, ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी प्राणवायू अत्यंत कमी झालेला असतो. कधी जाळे अपेक्षेपेक्षा जास्त भरते, कधी नेहमीच्या जागी तळाचा मासा औषधालाही मिळत नाही. या दोन्हींमागे एकच कारण असू शकते.

‘कमी प्राणवायू’ म्हणजे किती कमी?

उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठभागावर एका लिटर पाण्यात साधारण सहा ते सात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. हे प्रमाण दोन मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक माशांना तिथे राहणे अवघड होते. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून सुमारे एक हजार मीटर खोलीपर्यंत असा पट्टा बारमाही असतो. जगातील सर्वांत जाड आणि तीव्र अशा पट्ट्यांत त्याची गणना होते. अरबी समुद्र उत्तरेला जमिनीने बंद आहे, त्यामुळे खोल पाण्यात ताजा प्राणवायू फार संथपणे पोहोचतो. वर सूक्ष्म वनस्पतींची वाढ भरपूर होते, त्या मेल्या की खाली जाऊन कुजतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतात. ट्रॉलर मात्र एवढ्या खोलीवर जात नाहीत. प्रश्न निर्माण होतो तो हे पाणी उथळ भागात चढते तेव्हा.

ते किनाऱ्याकडे का चढते?

मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, कमी प्राणवायूचे पाणी वर सरकते. केरळसमोर ही प्रक्रिया मे-जूनच्या सुमारास सुरू होते आणि हळूहळू उत्तरेकडे पसरते. दुसरीकडे सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस नद्यांवाटे समुद्रात येतो. हे गोडे पाणी हलके असल्याने पाच-दहा मीटर जाडीचा थर बनून वर तरंगत राहते. भांड्यावर झाकण ठेवावे तसे. वरचा प्राणवायू खाली उतरत नाही आणि खालचे पाणी आहे तेवढ्यावर जगते. पण हेच वर आलेले पाणी पोषकद्रव्यांनी समृद्ध असते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर तारली आणि बांगडा पोसला जातो. मासेमारीला जगवणारे पाणी आणि गुदमरवणारे पाणी वेगळे नाही.

सप्टेंबरपर्यंत गोव्यासमोर किनाऱ्याजवळच्या तळाशी प्राणवायू जवळपास संपतो. मग तिथले जिवाणू आधी नायट्रेट आणि नंतर सल्फेट वापरू लागतात. त्यातून सडक्या अंड्यासारखा वास असलेला, माशांना विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोरील एका ठिकाणी याची सातत्याने नोंद ठेवली आहे. या संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलेल्या निबंधानुसार, पश्चिम किनाऱ्यावरील या हंगामी पट्ट्याचे क्षेत्र सुमारे १ लाख ८० हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक.

मासेमारीवर परिणाम कसा होतो?

मासा गुदमरून मरण्याआधी पळतो. तळालगत राहणारी कोळंबी, ढोमा, राणी मासा यांना दोन वाटा असतात: उथळ पाण्याकडे सरकणे किंवा वरच्या पातळ थरात येणे. मुंबईच्या दृष्टीने ही गोष्ट नवी नाही. कॅरदर्स, गोगटे, नायडू आणि लेव्हास्तू यांनी १९५९ मध्येच ‘नेचर’मध्ये मुंबईसमोर हा कमी प्राणवायूचा थर किनाऱ्याकडे चढत असल्याचे आणि त्याचा मासेमारीशी संबंध असल्याचे मांडले होते. पुढे १९६८ मध्ये कार्ल बान्से यांनी भारत-पाकिस्तानच्या किनाऱ्यासाठी हाच मुद्दा तळाच्या माशांच्या संदर्भात तपशिलाने मांडला. साठ-पासष्ट वर्षे माहीत असलेली ही बाब धोरणाच्या चर्चेत मात्र क्वचितच येते.

व्यवहारात याचे अर्थ वेगवेगळे होतात. ट्रॉलरच्या तांडेलाला नेहमीच्या वावावर रिकामे जाळे मिळते, तो दुसरी जागा शोधत फिरतो आणि डिझेल-बर्फाचा खर्च वाढतो. छोट्या होडीला तेवढे लांब जाता येत नाही, पण मासा किनाऱ्याकडे ढकलला गेला तर काही दिवस तिची चांदी होते. पर्ससीनचे लक्ष्य वरच्या थरातला तारली-बांगडा असतो आणि महाराष्ट्राच्या हद्दीत या पद्धतीची मुदत सुरू होते १ सप्टेंबरला. म्हणजे मासा सर्वांत कमी जागेत कोंबला गेलेला असतो, त्याच सुमारास.

खरा धोका इथे आहे. दाटीवाटीने जमलेला मासा सहज सापडतो म्हणून तो मुबलक आहे असे नव्हे. अटलांटिक महासागराच्या उष्ण कटिबंधात मर्लिन आणि ट्युना अशाच रीतीने वरच्या थरात अडकून अधिक सहज पकडले जातात, हे संशोधकांनी दाखवले आहे. बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे पाहून साठा ठरवला जातो. तो साठा घटत असतानाही आकडे काही काळ चांगले दिसू शकतात.

यात बोंबलाचे काय?

चीनच्या किनाऱ्यावर प्राणवायू घटलेल्या भागांत बोंबील मोठ्या प्रमाणात वाढल्याचे आढळले आहे. डॅनियल पॉली यांच्यासह काही संशोधकांच्या मते, पाण्याचा अंश खूप असलेल्या या मऊ माशाला प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे इतरांनी सोडलेली जागा तो घेतो. यावरून कोकणात बोंबलाचे चांगले दिवस येतील असे मानणे घाईचे ठरेल. इथे डोलीच्या जाळ्यांचा आस किती बारीक आहे आणि त्यात किती पिल्ले जातात, हा प्रश्न आधीचा आहे.

दोष प्रदूषणाचा की निसर्गाचा?

अमेरिकेतील मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीतून येणारी शेतीची खते हे मुख्य कारण आहे. पश्चिम भारतात पाया नैसर्गिक आहे. खते आणि सांडपाण्यामुळे त्याची तीव्रता वाढते आहे का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. मुंबईजवळच्या खाड्यांतील घाण पाणी हा वेगळा विषय, त्याची गल्लत इथे करू नये. तापमानवाढीचा हात मात्र सर्वत्र आहे. १९६० नंतरच्या पाच दशकांत जगातील महासागरांनी सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला. गरम पाण्यात तो कमी विरघळतो आणि थरही नीट मिसळत नाहीत.

दरवर्षी स्थिती सारखी नसते. हिंद महासागरातील ‘डायपोल’ धन अवस्थेत असला की शरद ऋतूत पश्चिम किनाऱ्यावर वरचा उबदार थर जाड होतो आणि तळ पूर्णपणे प्राणवायूहीन होणे टळते, असे २०१७ मधील एका अभ्यासात दिसले.

आधी सूचना मिळू शकते का?

काही प्रमाणात. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती देते. तिचा आधार उपग्रहाने टिपलेले पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य हा असतो. वीस-तीस मीटर खालचा प्राणवायू उपग्रहाला दिसत नाही. तो मोजायला पाण्यात उतरलेला संवेदक लागतो, आणि त्या महिन्यांत त्या पाण्यावर रोज कोणी असेल तर ते बोटवालेच. जाळ्याला असा संवेदक बांधण्याचे तंत्र उपलब्ध आहे. त्याचा खर्च कोणी करायचा, आणि आपली मासेमारीची जागा दुसऱ्याला कळेल या भीतीपोटी तांडेल ती माहिती देतील का, यावर सारे अडते.