क्षयरोगाचे संशोधन आणि घरातील अन्न

केंद्र सरकारने १ नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेखाली क्षयरुग्णास मिळणारे दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य १००० रुपये केले. त्याच सुमारास रुग्णाच्या घरातील माणसांनाही निक्षय मित्रांमार्फत शिधा देण्याची वाट मोकळी झाली. या दोहोंपैकी दुसरा निर्णय आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. तो सुचण्यास सुमारे साठ वर्षे का लागली, हे समजून घ्यायचे तर सार्वजनिक आरोग्याचे संशोधन कसे चालते ते पाहावे लागेल.

संशोधन म्हटले की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. सार्वजनिक आरोग्यातील प्रश्न मात्र बहुधा वस्तीत आणि घरात सुटतात. कोणता उपचार गरिबाला झेपेल, रुग्ण दवाखान्यात का पोहोचत नाही, गावात रुग्ण किती, आणि मुळात माणूस आजारी का पडतो, अशा प्रत्येक प्रश्नासाठी संशोधनाची रीत निराळी असते.

१९५६ साली मद्रास येथे यांतील पहिल्या प्रश्नास हात घातला गेला. त्या काळी क्षयरुग्णास आरोग्यधामात ठेवण्याची पद्धत होती. खाटा थोड्या आणि रुग्ण अगणित. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून गरीब वस्त्यांतील रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा आपल्याच घरी. औषधे दोघांना सारखीच, वर्षभर. आरोग्यधामात विश्रांती, मोकळी हवा व पुष्टिदायक आहार होता. घरी यांतले फारसे काही नव्हते. तरीही घरचे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभर आरोग्यधामांचे महत्त्व ओसरू लागले. गरिबांवर हा मोठा उपकारच झाला.

मात्र त्याच अभ्यासातून १९६१ साली आणखी एक निष्कर्ष पुढे आला. औषधे नीट घेतली, तर बरे होण्यासाठी खास आहाराची गरज नाही, असा त्याचा आशय होता. विचारलेल्या प्रश्नापुरते ते उत्तर खरे होते. पण ‘बरे होण्यास अन्न अनिवार्य नाही’ हे वाक्य फिरता फिरता ‘क्षयरोगात अन्नाला महत्त्व नाही’ असे होऊन बसले. अर्धपोटी माणसाला क्षय लवकर का जडतो, हे मद्रासच्या अभ्यासाने विचारलेच नव्हते.

दुसऱ्या प्रश्नासाठी वैद्यकाबरोबर समाजशास्त्र लागले. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील देबबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील रुग्णांना घरी गाठून बोलते केले. अडाणी खेडूत आजाराकडे दुर्लक्ष करतात, असा शहरी समज होता. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो खोडून काढला. बहुतेकांना आपली लक्षणे ठाऊक होती आणि सुमारे निम्मे जण स्वतःहून दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवण्यात येई. दोष रुग्णाचा नव्हता.

तिसरी रीत मोजणीची. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षे व त्यावरील दर लाख लोकांमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षय आढळला. लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कोठेही उपचारास गेले नव्हते. तुमकूरचा अभ्यास रुग्णांचा आणि हा आकडा लक्षणे असणाऱ्या सर्वांचा. तेव्हा दोन्ही एका तागडीत टाकणे योग्य नव्हे. मोजणी किती ते सांगते, का ते नाही.

अखेर राहून गेलेला प्रश्न झारखंडमध्ये विचारला गेला. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांतील २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे या अभ्यासात सहभागी झाली. सर्व रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या भागांत घरच्यांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ साली ‘द लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होते. थुंकी आदी तपासणीत जंतू सापडलेल्यांचाच विचार केला तर ४८ टक्क्यांनी. नवे औषध नाही, नवी लस नाही. डाळ आणि भात.

येथे विवेकाला टोचणारी एक गोष्ट आहे. तुलनेसाठी उरलेल्या निम्म्या भागांतील घरच्यांना हा शिधा मिळाला नाही. पुराव्यासाठी कुणाला अन्नावाचून ठेवणे योग्य आहे काय? ती कुटुंबे अभ्यास नसता तरी त्याच स्थितीत राहिली असती, आणि पुराव्याशिवाय सरकारी तिजोरी उघडली नसती, असे उत्तर देता येईल. ते आम्हांस पटते. मात्र एका अटीवर. पुरावा हाती आल्यावर अन्न खरोखर ताटात पडले पाहिजे.

ती अट आज अर्धीच पाळली जात आहे. हजार रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात, तो त्याचा हक्क आहे. घरच्यांचा शिधा मात्र निक्षय मित्र मिळण्यावर, म्हणजे कोणा व्यक्तीच्या वा संस्थेच्या औदार्यावर अवलंबून आहे. आपल्या धर्मग्रामातील ज्या संघटना निक्षय मित्र झाल्या असतील वा होऊ इच्छित असतील, त्यांनी आरोग्य केंद्रात रुग्णाच्या नावाबरोबर त्याच्या घरातील माणसांची संख्या आणि वजनेही विचारावीत. शिधा किती माणसांचा बांधायचा, हे त्यावरून ठरवता येते.